खाजणाऱ्या कुत्र्यासाठी विकतचं खाद्य कसं निवडावं

कुत्रं बाराही महिने खाजवतं, पंजे चाटून चाटून तांबडे करतं, कान सारखे पिकतात. मग तालुक्याच्या दुकानात कोणीतरी 'ॲलर्जीचं खाद्य' म्हणून एक महागडं पाकीट हातात देतं. दोन पाकिटं संपतात, खाज तशीच राहते आणि खाद्यात काही दम नाही असा समज होतो. खरं तर पाकिटावरचे 'हायपोअलर्जेनिक' किंवा 'सेन्सिटिव्ह स्किन' हे शब्द तुमच्या कुत्र्याला नेमकं काय चालत नाही ते सांगूच शकत नाहीत. ते शोधायची एक ठरलेली पद्धत आहे: आठ आठवडे फक्त चाचणीचं खाद्य घालायचं, मग जुनं अन्न परत घालून खाज उसळते का ते पाहायचं. कायमची खरेदी तिच्यानंतर करायची.

आधी अंगावरचे किडे

आपल्याकडे कुत्रं खाजवतं त्याचं कारण बहुतेक वेळा अन्न नसतं. पिसवा, गोचीड, लूत आणि बुरशी ही चार कारणं आधी बाद करा. शेपटीच्या बुडाशी केस फाकवा, तिथले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर घ्या. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. कानाच्या कडा आणि कोपरांवर जाड खपली आणि घरातल्या माणसांनाही खाज, असं असेल तर लुतीचा संशय घ्या आणि कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सांगा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे जमलं नाही तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. ढोरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला देऊ नका. काही जातींच्या कुत्र्यांना ते मेंदूपर्यंत बाधतं.

पावसाळ्यातच वाढणारी आणि उन्हाळ्यात थांबणारी खाज बहुधा अन्नाची नसते. वर्षभर सारखी खाज, वयाच्या पहिल्या वर्षात किंवा उतारवयात झालेली सुरुवात, कान, पंजे, काखा, जांघा आणि गुदद्वाराभोवतीची आग, सोबत दिवसातून तीनापेक्षा जास्त वेळा मऊ शी, असं चित्र असेल तर अन्नाकडे वळा. रक्त, लाळ किंवा केस पाठवून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. ते पैसे खाद्यासाठी ठेवा.

आजवर काय काय खाल्लं

कागद घ्या आणि कुत्र्याने जन्मापासून खाल्लेलं सगळं लिहा: दूध-भाकर, ताक, पोळी, वरण, अंडी, कोंबडीची आतडी आणि पाय, बोकडाचं मटण, मासे, बिस्किटं, आधीच्या पाकिटांची नावं. ॲलर्जी होते ती नेहमीच्या, महिनोन्‌महिने पोटात गेलेल्या पदार्थाची. त्यामुळे 'हे तर तो लहानपणापासून खातो' म्हणून एखादा पदार्थ यादीतून गाळू नका. २०१६ साली २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या आढाव्यात गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे चार पदार्थ याच क्रमाने पुढे आले. आपण कुत्र्याला गोमांस घालत नाही हे खरं, पण गाईच्या विताना पडलेला जार आणि गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर त्याला कोण चुकवणार?

या पदार्थांची आपसात नातीही असतात. गोमांस किंवा गाईचं दूध न चालणाऱ्या कुत्र्याला मेंढीचं मांसही बाधू शकतं, कारण त्यांतली काही प्रथिनं सारखी असतात. म्हणून दुकानात हमखास सुचवलं जाणारं 'लॅम्ब अँड राइस' आपोआप सुरक्षित ठरत नाही. कोंबडी आणि बदकाचंही तसंच. कोंबडी आणि मासे यांच्यातसुद्धा असं साम्य आढळलं आहे. भंडारा-गोंदियाकडे तलावाच्या काठच्या गावात कुत्र्याला मासे रोजचेच, तेव्हा तिथे 'फिश' लिहिलेलं खाद्य नवं, म्हणजे कुत्र्याने आधी कधी न खाल्लेलं प्रथिन म्हणून मोजूच नका.

चाचणीचं खाद्य

चाचणीसाठी हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं, पशुवैद्यांमार्फत मिळणारं खाद्य घ्या. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना सहसा ओळखत नाही. रॉयल कॅनिनच्या हायपोअलर्जेनिकमध्ये हे प्रथिन सोयाबीनचं असतं, हिल्सच्या झेड/डी मध्ये कोंबडीच्या यकृताचं, फार्मिनाच्या अल्ट्राहायपोमध्ये माशाचं. कुत्र्याच्या यादीत जे सर्वात जास्त वेळा आलं असेल, त्या मूळ पदार्थाचं खाद्य टाळा. कोंबडीवर वाढलेल्या कुत्र्याला सोया बरा. आजवरच्या स्वस्त पाकिटांत सोया पेंड असेल, तर मासा.

साध्या दुकानी पाकिटावर एकच मांस लिहिलेलं असतं, मग ते का नको? एकाच यंत्रावर अनेक प्रकार बनतात आणि पाकिटावर न लिहिलेली प्रथिनं अशा खाद्यांत वारंवार सापडली आहेत. रोजच्या जेवणाला हे चालून जाईल, पण चाचणी त्याने फसते.

पाकीट मिळतच नसेल तर शिजवलेलं डुकराचं मांस आणि बटाटा हा जुना उपाय आहे, कुत्र्याने डुक्कर आधी खाल्लं नसेल तरच. पण हे संतुलित अन्न नाही. ते मोठ्या कुत्र्यालाच, आठवड्यांपुरतंच आणि डॉक्टरांना विचारून द्यावं. पिल्लाला नको.

किती लागेल ते आधी मोजा. साधारण ३,८०० किलोकॅलरी प्रति किलो असलेलं कोरडं खाद्य धरलं तर १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला १६५ ग्रॅम, २० किलोच्याला २८० ग्रॅम आणि ३० किलोच्याला ३८० ग्रॅमच्या आसपास लागतं. ८ आठवड्यांचे ५६ दिवस, म्हणजे अनुक्रमे सव्वानऊ, पावणेसोळा आणि सव्वाएकवीस किलो. वावरात रात्रभर जागल करणाऱ्या कुत्र्याला थोडं जास्त द्या आणि दर आठवड्याला वजन पाहून माप बदला. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याहून मागवत असाल तर पुरेसा साठा हाताशी आल्यावरच सुरुवात करा. पाचव्या आठवड्यात पाकीट संपलं आणि चार दिवस दूध-भाकर घातली, तर आधीचा सगळा खर्च पाण्यात.

आठ आठवडे

पहिला आठवडाभर जुन्या अन्नात नवं थोडं थोडं वाढवत न्या, नाहीतर हगवण लागते. हा आठवडा मोजायचा नाही. भांड्यात फक्त नवं खाद्य पडलं, तो पहिला दिवस. तिथून पूर्ण ८ आठवडे. पोटाच्या तक्रारी दोन-तीन आठवड्यांत निवळतात. कातडीला वेळ लागतो, काही कुत्र्यांत पाचव्या आठवड्यापर्यंत काहीच फरक दिसत नाही. बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडतात.

दर रविवारी खाजेला ० ते १० गुण द्या, ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे झोपूही देत नाही. कान, पंजे आणि पोटाचे फोटो त्याच उजेडात काढा. सुरुवातीलाच जिवाणू किंवा यीस्टचा संसर्ग असेल तर त्याचं औषध सोबत पूर्ण करा. संसर्गाची खाज अन्न बदलून जात नाही आणि दोष मात्र खाद्यावर येतो. खाज थांबवायला स्टेरॉइड दिलं असेल तर चाचणीचे शेवटचे काही आठवडे त्याशिवाय गेले पाहिजेत. स्टेरॉइड कधी बंद करायचं ते डॉक्टर ठरवतील, स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका.

गावाकडे चाचणी बिघडते ती भांड्याबाहेरच्या खाण्याने. सालदार डब्यातला भाकरीचा तुकडा टाकतो, पोरं बिस्कीट देतात, गव्हाणीतली सरकीची ढेप कुत्रं चाटून येतं, मांजरीची दुधाची वाटी उघडी असते. घरातल्या प्रत्येकाला आणि सालदाराला पहिल्याच दिवशी सांगा, शेजाऱ्यांनाही. गाय विणार असेल तर कुत्रं बांधून ठेवा आणि जार लगेच खोल पुरा. लग्न किंवा तेरवीची पंगत गावात असेल त्या दिवशी आणि पोळ्याला कुत्रं मोकळं सोडू नका. मोकळंच फिरणारं कुत्रं असेल तर तोंड उघडून धापता येईल असं जाळीचं मुसकं वापरा. तोंड आवळून धरणारा पट्टा विदर्भाच्या उन्हात जीवघेणा ठरतो.

औषधांकडेही बघा. चघळायच्या जंताच्या आणि गोचिडांच्या बऱ्याच गोळ्यांना मांसाची चव असते, कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं. गोळी पेढ्यात किंवा पोळीत गुंडाळून देऊ नका. पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब चालतात आणि या आठ आठवड्यांत ते चुकवायचे नाहीत. बक्षीस द्यायचं असेल तर त्याच दिवसाच्या मापातले चार दाणे बाजूला काढून ठेवा.

एखाद्या दिवशी चूक झालीच तर तारीख आणि पदार्थ लिहून ठेवा आणि पुढे चालू ठेवा. लगेच खाज उसळली तर तो उपयोगी धागा आहे, फक्त चाचणी दोन आठवड्यांनी लांबवा.

जुनं अन्न परत घाला

खाज कमी झाली की इथे थांबावंसं वाटतं. थांबू नका. ऋतू बदलला, पिसवा गेल्या, संसर्ग बरा झाला, यांपैकी कशानेही आराम पडू शकतो. जुनंच अन्न परत सुरू करा आणि १४ दिवसांपर्यंत पाहा. काही तासांपासून दोन आठवड्यांच्या आत खाज उसळली तर दोष अन्नाचाच. लगेच चाचणीच्या खाद्यावर परत या. उसळली नाही तर अन्न निर्दोष आहे आणि कारण दुसरीकडे शोधायचं. पहिल्या वेळी तोंड सुजलं होतं किंवा श्वास लागला होता, अशा कुत्र्यावर हा प्रयोग घरी करू नका.

कातडी पुन्हा शांत झाली की चाचणीच्या खाद्यात एकेक पदार्थ मिसळून बघा. २० किलोच्या कुत्र्याला रोज ५० ग्रॅम उकडलेली कोंबडी, किंवा एक उकडलेलं अंडं, किंवा एक पोळी, किंवा १०० मिली दूध, एका वेळी एकच, १४ दिवसांपर्यंत. खाज आली की बंद करा आणि ती पूर्ण निवळल्यावरच पुढचा पदार्थ घ्या. दुधाने फक्त पातळ शी झाली, खाज नाही, तर ती दुधातली साखर न पचल्याने असू शकते. तिला ॲलर्जी धरू नका. या कामात दोन-तीन महिने जातात, पण औषधी खाद्याचा कायमचा खर्च वाचतो तो याच महिन्यांमुळे. गहू चालत नाही आणि कोंबडी चालते, एवढं कळलं तरी बाजारातलं बरंच परवडणारं खाद्य तुमच्यासाठी खुलं होतं.

कायमचं पाकीट

आता पाकीट उलटं करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. फोनने फोटो काढून मोठा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. समोर 'लॅम्ब' मोठं छापलेलं असलं तरी आत चिकन मील, एग पावडर किंवा चिकन फॅट आढळू शकतं. 'मीट मील', 'पोल्ट्री', 'ॲनिमल डायजेस्ट' असे प्राण्याचं नाव न सांगणारे शब्द दिसले की ते पाकीट परत ठेवा. दुधासाठी व्हे, केसीन आणि मिल्क सॉलिड्स शोधा, गव्हासाठी व्हीट, ग्लुटेन आणि सेमोलिना. हिरवा ठिपका असला तरी दूध असू शकतं. 'ग्रेन फ्री'च्या मागे लागू नका. गहू बाधतो हे सिद्ध झालं असेल तर गहू टाळा, तांदळाला विनाकारण दोष कशाला? पाकिटावर ते पूर्ण आहार आहे असं लिहिलेलं पाहा. पूरक खाद्यावर कुत्रं पोसलं जात नाही.

किराणा दुकानात पोत्यातून सुटं तोलून मिळणारं खाद्य अशा कुत्र्याला कधीच नको. त्याला लेबल नाही, तारीख नाही, आणि मापाच्या डब्यातून दुसऱ्या खाद्याची भुकटी त्यात मिसळते. वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पाकीटही नको. ४५ अंशांच्या उष्णतेत खाद्यातली चरबी खवट होते, पावसाळ्यात ओलीने बुरशी आणि बारीक कोळी-किडे वाढतात, आणि त्या किड्यांचीही काही कुत्र्यांना ॲलर्जी असते. पाकीट फोडल्यावर खाद्य डब्यात ओतू नका. पाकिटासकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, घराच्या सर्वात गार कोपऱ्यात, जमिनीपासून उंच. महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट फोडा.

कंपनी घटक बदलते तेव्हा दुकानदार सांगत नाही. चालणाऱ्या पाकिटाच्या मागच्या मजकुराचा फोटो जपून ठेवा आणि नवीन पाकीट फोडण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून ओळीनओळ ताडून पाहा.