ईमॅक्समधले अंगभूत फंक्शन तात्पुरते बदलायचे असेल तर

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली एखादी कमांड दर वेळी 'यस' टाइप करायला लावते आणि तुम्हाला तो प्रश्न फक्त तिथेच टाळायचा आहे. त्यासाठी इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचते ती सेटिंगची फाइल) 'यस-ऑर-नो-पी' हे प्रश्न विचारणारे फंक्शन नव्याने लिहू नका. तसे केले तर फाइल पुसण्याआधीचा प्रश्नही गप्प होईल. (इथे कोडमधली नावे उच्चारानुसार दिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची.)

आधी एखादे व्हेरिएबल काम भागवते का ते बघा. खालच्या ओळीतले संदेश नको असतील तर 'मेसेज' फंक्शनला हात लावायची गरज नाही. ईमॅक्स 25.1 पासून 'इनहिबिट-मेसेज' हे व्हेरिएबल आहे. 'लेट'मध्ये (तेवढ्या कंसापुरती किंमत देणारी रचना) ते 'टी' (म्हणजे 'खरे') करा. संदेशांच्या बफरमध्ये नोंद तरीही राहते, हा फायदाच.

व्हेरिएबल नसेल तर 'सीएल-लिब' ही लायब्ररी 'रिक्वायर'ने लोड करून असे लिहा:

(सीएल-लेटएफ (((सिम्बॉल-फंक्शन 'यस-ऑर-नो-पी)
             (लॅम्डा (&रेस्ट _) टी)))
  (माझी-कमांड))

नावानंतर सलग तीन कंस उघडतात. चुका बहुतेक तिथेच होतात. 'लॅम्डा' म्हणजे बिननावाचे फंक्शन. '&रेस्ट _' मुळे त्याला कितीही आर्ग्युमेंट आली तरी चालतात. आतले काम एररने थांबले किंवा तुम्ही कंट्रोल-जी दाबले, तरी मूळ व्याख्या परत बसते. 'एफसेट'ने हाताने बदलून शेवटी हाताने परत लावण्यात ही हमी नसते.

जुन्या कोडमध्ये याच कामाला 'फ्लेट' दिसेल, 24.3 पासून ते कालबाह्य आहे. त्याच्या जागी 'सीएल-फ्लेट' टाकले तर एरर येत नाही आणि बदलही होत नाही. ते फक्त त्या कंसात प्रत्यक्ष लिहिलेल्या कॉलना लागू होते. 'माझी-कमांड'च्या पोटातला कॉल मूळ फंक्शनकडेच जातो.

नव्या व्याख्येतून मूळ फंक्शनही वापरायचे असेल तर ते आधी 'लेट'ने एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि 'फनकॉल'ने बोलवा. नावाने बोलावलेत तर फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते आणि 'मॅक्स-लिस्प-एव्हल-डेप्थ' ओलांडल्याची एरर येते. फाइलच्या पहिल्या ओळीत 'लेक्सिकल-बाइंडिंग: टी' असलेले बरे. परत येणारी किंमतही सांभाळा: 'मेसेज' तयार झालेली स्ट्रिंग परत देते, त्याच्या जागी लावलेले 'इग्नोर' मात्र 'निल' (म्हणजे काहीच नाही). त्या स्ट्रिंगवर पुढे कुणी विसंबून असेल तर घोटाळा तिथे दिसेल, तुमच्या ओळीत नाही.

सगळे बरोबर लिहूनही परिणाम होत नसेल तर कारण बहुधा कंपाइलरमध्ये असते. 'कार', 'पॉइंट', 'गोटू-कॅर' यांसारख्या फंक्शनना बाइट-कोडमध्ये (कंपाइलर तयार करतो त्या कोडमध्ये) स्वतंत्र सूचना आहेत, म्हणून कंपाइल झालेला कोड नावाने शोधायला जातच नाही. ईमॅक्सचा सी भाषेतला कोड दुसऱ्या सी फंक्शनला थेट बोलावतो, तेही आपल्या हाताबाहेर. ईमॅक्स 28 पासूनच्या नेटिव्ह (थेट प्रोसेसरच्या भाषेत) कंपाइल झालेल्या कोडला बदललेले सी फंक्शन दिसावे म्हणून ईमॅक्स 'ट्रॅम्पोलिन' नावाचा जोडकोड तयार करते. ती सोय बंद केली असेल तर तुमचा बदल तिथे पोचत नाही.

उलटा धोका जास्त वाईट. 'सीएल-लेटएफ' चालू असेपर्यंत बदल सगळ्या ईमॅक्सला लागू असतो. आतल्या कामाने मिनीबफर (तळाची प्रश्नोत्तराची ओळ) उघडले किंवा प्रोसेसची वाट पाहिली, तर तेवढ्यात चालणाऱ्या टायमरलाही 'यस-ऑर-नो-पी'कडून 'हो' मिळते. म्हणून कंसात अख्खी कमांड न घालता, जमेल तेव्हा नेमका एक कॉल घाला. नंतर चालणाऱ्या कॉलबॅकला (काम झाल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला) मात्र हा बदल दिसत नाही. तोवर तो उतरलेला असतो. कॉलबॅकच्या आत वेगळा 'सीएल-लेटएफ' लावा.

ठरावीक कमांडला हा बदल कायम हवा असेल तर त्या कमांडवर 'अ‍ॅडव्हाइस-अ‍ॅड'ने ':अराउंड' (कमांडभोवती गुंडाळलेले फंक्शन) लावा आणि त्यात 'सीएल-लेटएफ' ठेवा. नको झाले की 'अ‍ॅडव्हाइस-रिमूव्ह'.

तपासणीसाठी ईमॅक्स '-क्यू' देऊन (म्हणजे इनिट फाइल न वाचता) सुरू करा, कंसात मुद्दाम '(एरर "चाचणी")' टाका, चालवा. मग मेटा-कोलन (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट) दाबून 'यस-ऑर-नो-पी' स्वतः बोलवा. प्रश्न विचारला गेला तर मूळ फंक्शन जागेवर आहे.