मुलं असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपचे नियम कसे लिहावेत

बुद्धिबळाचा क्लास, सोसायटीचं स्विमिंग, गणपतीतलं बालनाट्य, कशाचाही ग्रुप काढला की कुणीतरी नियमांची लांबलचक पोस्ट फॉरवर्ड करतंच. गुड मॉर्निंग नको, राजकारण नको, आणि शेवटी कुठेतरी "अश्लील मजकूर टाकणाऱ्यावर कारवाई होईल". कोण करणार, काय करणार, कशाचा पत्ता नाही. ती पोस्ट डिलीट मारा. ग्रुपमध्ये मुलं असतील तर चार-पाच नियम पुरतात, पण ते असे हवेत की वेळ आल्यावर ॲडमिन डोकं धरून बसायला नको.

दोन ॲडमिन ठेवा, नवीन माणूस मंजुरीशिवाय आत येणार नाही हे सेटिंग लावा, ग्रुपची लिंक नोटीस बोर्डावर चिकटवू नका. झालं.

वयाचं सांगायचं तर व्हॉट्सॲपची स्वतःचीच अट 13 वर्षांची आहे, म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या जागी आईबाबांचा नंबर. आणि तेरा पूर्ण झाली म्हणून मोकळं सोडायचं असंही नाही, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा दोन्हीकडे 18 च्या आतला प्रत्येकजण मूलच आहे. "आमची दहावीची पोरं समजूतदार आहेत हो" हे ऐकून ऐकून कान किटलेत.

फोटो पालकांनी लेखी हो म्हटल्यावरच. पोहण्याच्या कपड्यातले कधीच नाहीत, बक्षीस मिळालं असलं तरी नाहीत. शाळेचा बिल्ला, पूर्ण नाव आणि बॅचची वेळ एकाच फोटोत आणि कॅप्शनमध्ये आली की अनोळखी माणसाला मूल कुठे, किती वाजता सापडेल ते आयतं कळतं.

पर्सनल मेसेजच्या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर होते. मोठ्या माणसाने, कोच असला तरी, मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, काम असेल तर ग्रुपवर किंवा पालकाला सोबत घेऊन. "आमच्यावर विश्वास नाही का" असं कुणी म्हटलं तर सांगा की नियम मलाही लागू आहे, विषय संपला. मुलांसाठी मात्र एकच ओळ लिहा: कुणी "घरी सांगू नकोस" म्हणालं की तोच मेसेज घरी दाखवायचा.

आता खरी अवघड पायरी, जिच्यावर मी बराच काळ अडकलो होतो. ग्रुपमध्ये एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा नको तसा, म्हणजे अश्लील फोटो येऊन पडला तर काय करायचं? लोकांचा सल्ला ठरलेला, "स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुरावा लागेल", आणि मग तो स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर, तिथून कमिटीवर, "सावधान" लिहून भावकीत. हे अजिबात करू नका! असा फोटो पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी त्या मुलाचा फोटो आणखी शंभर फोनांत गेला ना. नुसतं जवळ ठेवणंही पॉक्सोच्या कलम 15 मध्ये अंगाशी येऊ शकतं, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये हे चांगलंच स्पष्ट केलंय.

म्हणून नियमात क्रम लिहून ठेवा. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ कागदावर. मग तो मेसेज व्हॉट्सॲपला रिपोर्ट, आणि त्यानंतर ॲडमिनने सगळ्यांसाठी डिलीट, उलट क्रमाने केलं तर रिपोर्ट करायला काही उरत नाही. काही फोनांत फोटो गॅलरीत आपोआप सेव्ह होतो आणि चॅटमधून उडवला तरी तिथे राहू शकतो, त्यामुळे ऑटो डाउनलोड बंद ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा. नुसते शब्दांतले घाणेरडे मेसेज असतील तर ते वेगळं, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, पण पोलिसांसाठी, ग्रुपसाठी नाही.

"बदनामी होईल, आपसात मिटवू" हे कमिटीतले ज्येष्ठ म्हणणारच. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची कल्पना आली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम 21 मध्ये शिक्षा आहे आणि संस्था चालवणाऱ्याला ती जास्त आहे. हे वाक्य नियमांत जसंच्या तसं टाका, मिटवामिटवीची भाषा बरीच कमी होते. आणि ॲडमिन म्हणून घाबरून ग्रुप बंद करायची गरज नाही, सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय. पण म्हणून बघत बसायचं असंही नाही.

फोटो दुसऱ्या ॲपवर फिरत असेल तर त्या मुलाला असे फोटो काढून टाकायला मदत करणारी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा दाखवा. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा, म्हणजे फोटोवरून बनलेला एक कोड जातो आणि सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून फोटो शोधून काढतात.

उरलं ते ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये नंबर टाकायचं. जो तो 1930 टाकतो, तो मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. मुलांसाठी 1098, ताबडतोब पोलीस हवे असतील तर 112, आणि ऑनलाइन तक्रार सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर, तिथे मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांसाठी नाव न देताही तक्रार करता येते.