अश्वगंधा, ब्राह्मी आणि माझा सपाट झालेला मूड

झोप लागावी म्हणून अश्वगंधाच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या. झोप सुधारली, चिडचिडही कमी झाली. पण काही आठवड्यांत आनंदही आटला. भाचीच्या बारशाला सगळे हसत होते आणि मला आत काहीच हलत नव्हतं. दुःख नव्हे, निव्वळ सपाटपणा. अश्वगंधाने असं झाल्याचं काही जण सांगतात, हे नंतर कळलं.

सोबत ब्राह्मीच्या गोळ्याही चालू होत्या. दोन्ही एकदम थांबवल्या असत्या तर कारण कुठलं ते समजलंच नसतं. म्हणून फक्त अश्वगंधा बंद केली आणि रोज रात्री वहीत झोप, भूक, मूड असं एका ओळीत लिहीत गेलो. हळूहळू आवडतं गाणं ऐकताना पुन्हा अंगावर काटा येऊ लागला. ब्राह्मी अजून घेतो, तिचा त्रास नाही.

डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत नेली. त्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासायला लावलं, कारण अश्वगंधामुळे थायरॉईडचे हार्मोन वाढू शकतात आणि मग धडधड, अस्वस्थपणा सुरू होतो. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून डोळे पिवळे दिसले तर वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. आणि आजीचं दुधातलं चूर्ण वेगळं, विथॅनोलाइड्सची (अश्वगंधातल्या सक्रिय घटकांची) टक्केवारी छापलेला अर्क वेगळा!

डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर अशा परदेशी औषधांच्या डब्यांवर 'सेंट जॉन्स वर्ट' या वनस्पतीचं नाव आधी शोधा. ती आणि डिप्रेशनच्या गोळ्या एकत्र घेतल्यास सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.