ट्रॅक्टर बांधाबाहेर निघतो तेव्हा: विमा काढताना काय काय बघायचं

आमच्याकडे कुणालाही विचारा, "ट्रॅक्टरना इमा काढेल शे का?" बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं: "वावरमाच तर चालस, कसाले इमा?"

चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. कापूस, मका आणि विहिरीला पाणी टिकलं तर थोडी केळी. ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे. चालवतो थोरला मुलगा, कधी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. कागद मात्र सगळे माझ्याकडे, मग ते बँकेचे असोत, सोसायटीचे असोत की विम्याचे. गल्लीतल्या बायकाही आपापल्या घरची पॉलिसी घेऊन ओट्यावर येतात. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

"वावरातच चालतो" हे खरं नसतं. एका वावरातून दुसऱ्यात जायचं तर शिवरस्ता लागतो, डिझेलला अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर जावं लागतं, कापूस जिनिंगला आणि मका बाजार समितीत न्यावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागी कुठलंही मोटार वाहन थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याशिवाय, नेता येत नाही आणि ट्रॅक्टरला त्यातून सूट नाही. विना विमा पकडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा पकडलं तर ४,००० रुपये दंड, शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण मला दंडाची काळजी नाही. अंधारात मोटारसायकलवाला ट्रॉलीला मागून धडकला आणि दगावला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण त्याच्या घरच्यांना लाखांत भरपाई देऊ शकतं. विमा नसेल तर ती रक्कम ट्रॅक्टरमालकाकडून वसूल होते आणि शेतकऱ्याकडे वसूल करण्यासारखं असतं काय? जमीन.

सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता असंही समजू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये तिचा अर्थ रुंद लावला आहे: जागा खासगी मालकीची असली तरी तिथे लोकांची ये-जा असेल, तर ती यात येऊ शकते. म्हणजे खळ्यावर, गोदामाच्या आवारात झालेला अपघातही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. मात्र कुणाचं येणं-जाणं नसलेल्या स्वतःच्या वावरात काही घडलं, तर थर्ड पार्टीवर विसंबून राहू नये.

आता पॉलिसी. एक नुसती थर्ड पार्टी, ती दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. तिचा दर सरकार ठरवतं, म्हणून कंपनीगणिक त्यात फरक पडत नाही आणि घासाघीस करायची गरज नाही. दुसरी पॅकेज पॉलिसी, जिला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो. तिच्यात आपल्या ट्रॅक्टरचं नुकसानही येतं: अपघात, आग, चोरी, वीज, पूर, दंगल. हे नुकसान वावरात झालं तरी धरलं जातं. विहिरीच्या कडेला चाक घसरलं, कापसाच्या पऱ्हाट्या पेटून आग ट्रॅक्टरपर्यंत आली, नदीचं पाणी शेडात शिरलं, हे सगळं या भागात बसतं. इंजिन किंवा गिअर आपोआप बिघडला, झीज झाली, क्षमतेबाहेर ओढून काही तुटलं, ते बसत नाही. ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला असेल तर काम करताना उलटण्याबद्दल वेगळी अट लावली आहे का, ते विचारून घ्या. पॅकेजमधल्या या स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा दर कंपनीगणिक बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणचे आकडे लेखी मागवा. कर्ज चालू असेपर्यंत पॅकेजच घ्यावं असं माझं मत आहे. ट्रॅक्टर जळाला तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

मुदत नीट बघा. नव्या कारला थर्ड पार्टी ३ वर्षांची आणि मोटारसायकलला ५ वर्षांची मिळते, म्हणून पुष्कळांना वाटतं की ट्रॅक्टरचीही तशीच असेल. ती दर वर्षी काढावी लागते. शोरूमने पहिल्या वर्षाची काढून दिलेली असते, दुसऱ्या वर्षी कुणी आठवण करत नाही. आमची तारीख मृगाच्या आधी येईल अशी मी बसवून घेतली, कारण पेरणीच्या धांदलीत कागदाकडे कुणी बघत नाही. वर्षभर क्लेम केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के 'नो क्लेम' सूट मिळते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ती सूट जाते.

ट्रॉलीचा विषय सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कायद्याच्या हिशेबात ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. तिची वेगळी नोंदणी होते, तिला वेगळा नंबर मिळतो आणि पॉलिसीत तिचा वेगळा हप्ता भरावा लागतो. गावच्या वेल्डिंगच्या दुकानातून बनवून आणलेली, नंबर नसलेली ट्रॉली जोडून रस्त्यावर गेलात, तर ट्रॅक्टरची पॉलिसी कितीही चांगली असली तरी कंपनीच्या हातात नकाराचं कारण गेलंच. पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावर ट्रॉलीचा नंबर शोधा. नसेल तर त्याच दिवशी अर्ज देऊन चढवून घ्या. ट्रॉलीतला माल मात्र यात कधीच येत नाही. कापूस पेटला तर कापसाचे पैसे या पॉलिसीतून मिळणार नाहीत. रोटावेटर, पलटी नांगर, पेरणी यंत्र यांचंही तसंच आहे. ते विम्यात हवे असतील तर नाव, नंबर आणि किंमत लिहून वेगळे घ्यावे लागतात.

यापुढचं नीट वाचा. कापूस वेचणीला बायका ट्रॉलीत बसून जातात, लहान लेकरं घेऊन. मडगार्डवर दोन माणसं बसतात. ट्रॅक्टरच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, एकच आसन असतं, ते चालकाचं. बाकी जो बसतो तो प्रवासी आणि शेतीच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत प्रवासी धरलेला नसतो. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. वीटभट्टीच्या मातीसाठी गेलेला मजूर ट्रॉलीवरून पडून जायबंदी झाला होता. ट्रॉलीचा विमा नव्हता आणि काम शेतीचं नव्हतं. न्यायालयाने कंपनीची जबाबदारी नाही असंच धरलं. फक्त मजूर गरीब म्हणून आपला विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं. म्हणजे शेवटी भार मालकावरच. मजुरांना ने-आण करायला रिक्षा किंवा पिकअप लावणं परवडत नाही हे मला माहीत आहे, आमच्याही घरी हा हिशेब होतो. तरी ट्रॉलीत माणसं भरून हमरस्त्यावर नेऊ नका. सारंगखेड्याच्या यात्रेला नाही, लग्नाच्या वऱ्हाडाला नाही आणि वेचणीलाही नाही.

सालदाराचं वेगळं आहे. तो पगारी चालक असेल तर त्याच्यासाठी 'पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी' हे जास्तीचं कलम थोड्या पैशात मिळतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरवला की त्याच आठवड्यात त्याचं लायसन्स बघा, झेरॉक्स काढा, मुदत तपासा. हलक्या मोटार वाहनाचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स ट्रॅक्टरला चालतं. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स निकामी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलं आहे. पण लायसन्सच नसेल तर मग बोलायला जागा राहत नाही. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला कौतुकाने स्टिअरिंगवर बसवू नका. अल्पवयीनाने रस्त्यावर गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली आहे.

आता आमच्यासारख्या घरांचा प्रश्न. अनुदानासाठी ट्रॅक्टर बाईच्या नावावर घेतात, किंवा तो म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर असतो. पॉलिसीत १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो, पण तो मालकाचा आणि मालकाकडे लायसन्स असेल तरच. माझ्याकडे लायसन्स नाही, तर तो मला लागू नाही आणि मुलगा मालक नाही, म्हणून त्यालाही नाही. वर, घरचा माणूस चालवताना त्याला काही झालं तर तो मालकाच्याच जागी धरला जाऊ शकतो, थर्ड पार्टी म्हणून त्याला भरपाई मिळेल असं समजता येत नाही. म्हणजे रोज ट्रॅक्टरवर बसणारा माणूसच उघडा राहतो. म्हणून मुलाच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. निदान बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म तरी भरा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण आहे, वय १८ ते ७० पाहिजे. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना वेगळी. तिच्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो.

वापराची मर्यादा हा मथळा पॉलिसीत बारीक अक्षरात असतो. तो वाचल्याशिवाय पैसे भरू नका. तिथे सहसा शेतीचा वापर लिहिलेला असतो. आपला माल आपल्या ट्रॉलीतून बाजारात नेणं हे शेतीचं काम. पण व्यापाऱ्याचा माल त्याच्या धंद्यासाठी वाहणं शेतीचं धरलं जात नाही, मग तो भाजीपाला का असेना. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल तसा आहे. वाळू, मुरूम, विटा तर नाहीच नाही. भाड्याने नांगरटी, रोटा किंवा थ्रेशर मारून देणाऱ्यांनी एजंटला तोंडी विचारून थांबू नये. "भाड्याने दुसऱ्याच्या शेतात काम करतो, ते या पॉलिसीत चालेल का," असा अर्ज कंपनीच्या शाखेत द्या आणि उत्तर लेखी घ्या. जास्त हप्ता लागला तर भरा, तो दोन-चार एकरांच्या नांगरटीत निघून येतो. सीमेपलीकडे बऱ्हाणपूरला किंवा सेंधव्याला गेलात तर विमा चालतो, तो सगळ्या भारतात लागू असतो.

विम्यात धरलेली ट्रॅक्टरची किंमत, म्हणजे आयडीव्ही, हप्ता कमी दिसावा म्हणून खाली पाडून घेऊ नका. हिशेब ठरलेला आहे: आजची शोरूमची किंमत ७ लाख असेल आणि ट्रॅक्टरला २ वर्षं पूर्ण होऊन तिसरं चालू असेल, तर ३० टक्के घट धरून ४ लाख ९० हजार. ५ वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून आकडा ठरवता, तिथे आग्रह धरा. आणि आयएमटी २३ हे कलम मागून घ्या. ते नसेल तर टायर, ट्यूब, मडगार्ड, बोनेट, दिवे यांचं नुकसान ट्रॅक्टर पूर्ण निकामी झाल्याशिवाय मिळत नाही आणि आपल्या ट्रॅक्टरचं पहिलं मोडतं तेच. कलम असलं तरी टायर-ट्यूब आणि बॅटरीवर ५० टक्के घट कापतात, हे आधीच ध्यानात ठेवा.

अपघात झालाच तर आधी माणसाला दवाखान्यात न्या आणि ११२ ला फोन करा. मग त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. जागा हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, त्यात ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नंबर दिसला पाहिजे. नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत मेकॅनिकला हात लावू देऊ नका. हंगाम असला तरी थांबा, कारण खोललेल्या ट्रॅक्टरवर नुकसान सिद्ध करता येत नाही. माणूस जखमी असेल किंवा ट्रॅक्टर चोरीला गेला असेल तर पोलिसांत नोंद हवीच. कंपनीने नाकारलं तर कारण लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि तिथे काम झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. खान्देश त्याच कार्यालयाखाली येतो, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. लेखी नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. आरसी नावावर झाली म्हणजे विमा झाला असं नाही. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग येण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज द्यावा लागतो. विकणाऱ्याची नो क्लेमची सूट त्याच्याबरोबर जाते, तुम्हाला मिळत नाही. सौदा ठरवताना ट्रॉलीची आरसी वेगळी मागा, जुन्या बँकेचा बोजा उतरल्याचा कागद मागा आणि चालू पॉलिसीची तारीख बघितल्याशिवाय ट्रॅक्टर घरी चालवत आणू नका.