पोळ्याआधी कुंपण छाटताय? कन्हेर कोठ्याजवळ टाकू नका

पोळ्याच्या तोंडावर गावोगावी अंगण, कुंपण, धुरे साफ होतात आणि घात होतो तो इथंच. छाटलेली कन्हेर उकिरड्यावर नाहीतर कोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली जाते. ओली कन्हेर कडू असल्यानं जनावर सहसा तोंड लावत नाही. पानं सुकली की ते खातं, आणि विष सुकल्यावरही तसंच राहतं. 300 किलोच्या बैलाला 15 ग्रॅम वाळकी पानं जीवघेणी ठरू शकतात. कुटारात मिसळली तर दिसतही नाहीत.

ओळख: लांब, अरुंद, जाड पानं, काडीवर एका जागी तीन-तीन, मधली शीर ठसठशीत. फुलं गुलाबी, पांढरी, लाल. पिवळी कन्हेर म्हणजे बिट्टी: पानं एकेक, तोडल्यावर दुधासारखा चीक. तिच्या बियांशी पोरं खेळतात, त्याही तितक्याच विषारी.

इतर झाडं:
- घाणेरी: चौकोनी काटेरी खोड, चुरगळल्यावर उग्र वास. खाल्ल्यास कावीळ, उन्हात नाक-कानाची कातडी सोलते. जनावर सावलीत बांधा.
- बेशरम: नाल्याकाठी, फिकट जांभळी फुलं. शेळ्यांना चटक लागते.
- मोगली एरंड: बी गोडसर, म्हणून मुलं खातात; उलट्या, जुलाब.

बैलानं कन्हेर खाल्ली तर काही तासांत चारा सुटतो, हगवण लागते, नाडी चुकते. त्याला चालवू नका, लगेच 1962 या जनावरांच्या डॉक्टरसेवेच्या क्रमांकाला फोन करा. डॉक्टरांना आधी 'कन्हेर' हा शब्द सांगा, कारण अशा वेळी शिरेतून कॅल्शियम दिलं तर हृदय बंद पडू शकतं. गावात 'ताकदीची बाटली' लावणारे नेमकं तेच लावतात. डॉक्टर सक्रिय कोळसा (पोटातलं विष शोषणारी औषधी पूड) देतात, वजनाच्या दर किलोला 1 ते 3 ग्रॅम. चुलीतला कोळसा त्या कामाचा नाही. माणसानं खाल्लं तर 108.

दुकानदार बेशरम-घाणेरीवर महागडं तणनाशक गळ्यात मारतो. फवारल्यावर पानं मलूल होतात आणि जनावरं तीच आवडीनं खातात. त्यापेक्षा ओल असताना कुदळीनं मुळासकट उपटा.

छाटणीनंतर:
- हातमोजे घाला, चीक डोळ्यांना लागू देऊ नका
- फांद्या मोजून उचला, दोन फूट खड्ड्यात पुरा
- जाळू नका, धूरही विषारी
- चुलीला, खुंटीला, दातणाला वापरू नका

शेतकऱ्यांचा अनुभव असा की भुकेलं जनावर आधी नवं काहीतरी चघळतं. म्हणून छाटणीच्या दिवशी बैलांना सकाळीच पोटभर कडबा द्या, मगच सोडा. महामार्गाच्या दुभाजकावरही कन्हेर असते. तिथली छाटलेली पानं चाऱ्यासाठी घरी आणू नका.