ई-सायकलचा असिस्ट (पेडलला मोटरची साथ) ताशी २५ किमीच्या आधीच सुटतो? चाकाचा साइज बघा

पाम बीच रोडवर डिस्प्लेत २५ दिसले की मोटर बंद व्हायची, मोबाइलच्या जीपीएसवर मात्र वेग जेमतेम २२. बॅटरी फुल केली, ब्रेकचे सेन्सर काढून पाहिले, वेग मोजणारा स्पोकवरचा मॅग्नेट सरकवला, फरक शून्य. मेकॅनिकचा सल्ला: लिमिटच उडवा. डोकं फिरलं.

चाक २६ इंची, डिस्प्लेत सेटिंग २९! डिस्प्ले चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढतो, म्हणून तो जास्त दाखवत होता.

डिस्प्ले चालू करून (बऱ्याच मॉडेलांत) प्लस-मायनस एकत्र दाबून धरा. सेटिंग उघडली की व्हील डायमीटर २६ करा, मोड बटण (काहींत पॉवर) दाबून सेव्ह करा. बंद-चालू करून जीपीएसशी ताडून पाहा. स्पीड लिमिट शेजारीच असते, तिला हात लावला नाही. २५ ची मर्यादा ओलांडली की नोंदणी, लायसन्स, विमा सगळं मागे लागतं.