जपान आणि नायजेरिया: दोन देशांच्या राहणीमानाची तुलना कशी करावी

भूगोलाचा प्रकल्प असो, स्पर्धा परीक्षेचा निबंध असो की रविवार पुरवणीतला लेख, ‘विकसित विरुद्ध विकसनशील’ हा तक्ता ठरलेला असतो. एका रकान्यात जपान, दुसऱ्यात नायजेरिया, खाली आठ-दहा आकडे. इंटरनेटवरून तो भरायला अर्धा तास पुरतो. पण त्यातले तीन-चार आकडे एकमेकांशेजारी बसवण्याच्या लायकीचेच नसतात, आणि तक्त्याकडे नुसतं बघून ते कळत नाही. म्हणून हीच जोडी घेऊन काम कसं करायचं ते पाहू. जोडी बदलली तरी खाचखळगे बहुतेक तेच असतात.

सुरुवात प्रश्नापासून करा. ‘कोणता देश पुढे?’ हा प्रश्न घेऊ नका, त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘कोणत्या बाबतीत दरी सर्वांत मोठी आहे, कुठे ती वाटते त्यापेक्षा लहान आहे, आणि का?’ हा प्रश्न घ्या. त्यासाठी सहा ते आठ निर्देशक पुरतात: आयुर्मान, बालमृत्यू, माता मृत्यू, शिक्षण, उत्पन्न, दारिद्र्य, रोजगार, वीज-पाणी. प्रत्येक निर्देशकासाठी कच्च्या वहीत पाच रकाने आखा: आकडा, वर्ष, व्याख्या, कोणी मोजला, कसा मोजला. शेवटच्या रकान्यात चारपैकी एक शब्द लिहायचा: जनगणना, नोंदणी, नमुना पाहणी किंवा गणिती अंदाज. हा रकाना कंटाळवाणा आहे, पण निम्म्या चुका तिथेच सापडतात.

आधी लोकसंख्या

‘दरडोई’ म्हटलं की लोकसंख्येने भागायचं, आणि इथेच पहिली अडचण येते. जपानमध्ये १९२० पासून साधारण दर पाच वर्षांनी जनगणना होते, शिवाय जन्ममृत्यूची नोंद जवळपास पूर्ण असते. नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ची. तेव्हा लोकसंख्या सुमारे १४ कोटी होती. आज वापरला जाणारा २२ कोटींच्या वरचा आकडा हा तिथून पुढे ओढलेला अंदाज आहे. (आपण यावर हसू नये. आपलीही शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ची आहे.) म्हणून दोन्ही देशांची लोकसंख्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अंदाजांच्या एकाच आवृत्तीतून घ्या. वीज, गहू, डॉक्टर असं काही स्वतः दरडोई काढत असाल तर अंश एका ठिकाणचा आणि छेद दुसऱ्या ठिकाणचा, असं करू नका.

मानव विकास निर्देशांक हाताने काढून बघा

आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून बनणारा संयुक्त राष्ट्रांचा हा निर्देशांक तयार उतरवून घेण्यापेक्षा एकदा गणित करा. वीस मिनिटं लागतात आणि दरी नेमकी कुठे आहे ते दिसतं. २०२२ या वर्षाचे, म्हणजे २०२३-२४च्या मानव विकास अहवालातले आकडे असे आहेत. जपान: जन्मावेळचं आयुर्मान ८४.८ वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं (आज शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाला मिळतील अशी) १५.५, प्रौढांची सरासरी शालेय वर्षं १२.७, दरडोई उत्पन्न क्रयशक्तीनुसार (त्या पैशात तिथे किती वस्तू येतात ते धरून) ४३,६४४ डॉलर. नायजेरिया: ५३.६, १०.५, ७.६ आणि ४,७५५ डॉलर.

आरोग्याचा निर्देशांक काढताना आयुर्मानातून २० वजा करा आणि ६५ने भागा. जपान ०.९९७, नायजेरिया ०.५१७. शिक्षणात अपेक्षित वर्षांना १८ने आणि सरासरी वर्षांना १५ने भागून दोन्हींची सरासरी घ्या. जपान ०.८५४, नायजेरिया ०.५४५. उत्पन्नासाठी आधी १००ने भागा, येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉग घ्या आणि त्याला ७५०च्या लॉगने, म्हणजे ६.६२ने भागा. जपान ०.९१८, नायजेरिया ०.५८३. आता तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढा. नायजेरियाचं उत्तर ०.५४८ येतं, अहवालातही तेच आहे. जपानचं ०.९२१ येतं आणि अहवालात ०.९२० आहे. हा फरक दशांश छाटल्यामुळे पडतो, तिथे चूक शोधत बसू नका.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घनमुळाऐवजी साधी सरासरी काढणं. २०१०च्या अहवालापूर्वी तीच पद्धत होती, त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि नोट्समध्ये ती अजून सापडते.

गणितातून काय हाती लागलं? नायजेरियाची सर्वांत कमकुवत बाजू उत्पन्न नसून आयुर्मान आहे. भारताचा रकाना शेजारी ठेवला तर हे आणखी ठळक होतं. त्याच अहवालात भारताची सरासरी शालेय वर्षं ६.६ आहेत, म्हणजे नायजेरियापेक्षा एक वर्ष कमी. पण आयुर्मान ६७.७ आहे, म्हणजे चौदा वर्षं जास्त. नायजेरियाचं आयुर्मान तेवढं एकच भारताइतकं केलं आणि बाकी काही बदललं नाही, तरी त्याचा निर्देशांक ०.६१५च्या आसपास जातो. मराठी वाचकासाठी लिहिताना हा तिसरा रकाना जरूर ठेवा. दोन टोकांमध्ये ओळखीचं काही असलं की आकड्यांना माप मिळतं.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ०.५५०च्या खाली ‘कमी’ आणि त्यापुढे ‘मध्यम’ अशी विभागणी आहे, त्यामुळे ०.५४८चा नायजेरिया ‘कमी’ गटात पडतो. हजारात दोन एवढ्या अंतरावर निष्कर्षाची इमारत उभी करू नये. आणि आयुर्मानाची कमाल मर्यादा ८५ धरलेली असल्याने जपानला तिथे वर सरकायला जागाच उरलेली नाही. ‘जपानची प्रगती थांबली’ असं या निर्देशांकावरून लिहिलंत तर ते मोजपट्टीचं वर्णन होईल, देशाचं नाही.

पैशाचे तीन सापळे

पहिला सापळा विनिमय दराचा. २०२२मध्ये बाजारातल्या दराने जपानचं दरडोई उत्पन्न नायजेरियाच्या साधारण पंधरा पट दिसतं, क्रयशक्तीनुसार मात्र नऊ पट. राहणीमानासाठी क्रयशक्तीचाच आकडा घ्या. जून २०२३मध्ये नायजेरियाने आपल्या चलनाचा, नायराचा, दर मोकळा सोडला आणि डॉलरमागे पावणेपाचशेच्या आसपास असलेला नायरा २०२४मध्ये दीड हजारापलीकडे गेला. येनही २०२१ला ११०च्या आसपास होता, तो २०२४मध्ये दीडशेवर गेला. डॉलरमधला आलेख काढलात तर दोन्ही देश अचानक गरीब झालेले दिसतील. नायजेरियात महागाईने लोक खरोखर होरपळले, पण डॉलरच्या आलेखातली घसरण त्याचं माप नाही.

दुसरा सापळा आधारवर्षाचा. एप्रिल २०१४मध्ये नायजेरियाने सकल देशांतर्गत उत्पादनाचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि अर्थव्यवस्थेची रचना प्रमाण धरतात ते) १९९० वरून २०१० केलं. मोबाइल, चित्रपट, बँका ही क्षेत्रं तोवर हिशेबात नीट धरलीच नव्हती. २०१३चं उत्पादन कागदावर ८९ टक्क्यांनी वाढलं आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून देश आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. त्या दिवशी कुणाच्या ताटात एक घास वाढला नाही. जुनी आणि नवी मालिका जोडून ‘दशकभरातली वाढ’ काढू नका. एकाच मालिकेतली वर्षं घ्या.

तिसरा दारिद्र्याचा, आणि हा सर्वांत फसवा. जपानचा दारिद्र्यदर २०२१मध्ये १५.४ टक्के, नायजेरियाचा २०१८-१९मध्ये ४०.१ टक्के. ‘फरक फक्त अडीच पट’ असं लिहायचा मोह होतो. पण जपानचा दर सापेक्ष आहे: मध्यक उत्पन्नाच्या (सगळ्यांना उत्पन्नानुसार ओळीत उभं केलं तर मधल्या माणसाच्या उत्पन्नाच्या) निम्म्याहून कमी असलेले लोक, रेषा वर्षाला १२.७ लाख येन. नायजेरियाची रेषा म्हणजे अन्न आणि अत्यावश्यक गरजांचा खर्च, माणशी वर्षाला १,३७,४३० नायरा, म्हणजे दिवसाला सुमारे ३७६ नायरा. शिवाय त्या पाहणीतून बोर्नो राज्य असुरक्षिततेमुळे वगळलं होतं, त्यामुळे बंडखोरीने सर्वांत पोळलेला भागच सरासरीबाहेर राहिला. हे दोन आकडे एका ओळीत ठेवू नका. जागतिक बँकेची आंतरराष्ट्रीय रेषा वापरा, आणि कोणती तेही लिहा. सप्टेंबर २०२२ पासून ती रोजची २.१५ डॉलर होती, जून २०२५मध्ये ३ डॉलर झाली. दोन रेषांचे आकडे मिसळले तर कागदावरच लाखो लोक गरीब होतात.

मृत्यूचे आकडे

ढोबळ मृत्युदर, म्हणजे हजारी मृत्यू, हा निर्देशक यादीतून सरळ काढून टाका. जपानमध्ये तो २०२३मध्ये १३च्या आसपास होता आणि नायजेरियाचाही जवळपास तेवढाच आहे. कारण सरळ आहे. जपानमध्ये सुमारे २९ टक्के लोक ६५च्या पुढचे आहेत, तर नायजेरियाची निम्मी लोकसंख्या साधारण अठरा वर्षांखालची. म्हाताऱ्यांच्या देशात मृत्यू जास्त होणारच. आयुर्मान आणि पाच वर्षांखालील बालमृत्यू दर घ्या. ‘आयुर्मान ५३.६’ याचा अर्थ नायजेरियातला माणूस त्रेपन्नाव्या वर्षी मरतो असा करू नका. लहानपणीच्या मृत्यूंनी सरासरी खाली ओढलेली असते. पाच वर्षं पार केलेलं मूल त्याहून बरंच पुढे जाण्याची शक्यता असते.

माता मृत्यूबाबत ‘कसा मोजला’ हा रकाना कामी येतो. नायजेरियाच्या २०१८च्या आरोग्य पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे ५१२ मृत्यू आले. जागतिक आरोग्य संघटना आणि सहयोगी संस्थांच्या गणिती प्रारूपाने २०२०साठी १,०४७ हा आकडा दिला. दोन वर्षांत माता मृत्यू दुप्पट झाले नाहीत. एक आकडा बहिणींच्या मृत्यूबद्दल विचारलेल्या प्रश्नांवरून आला, दुसरा अनेक स्रोत एकत्र करून अंदाजलेला आहे. जपानशी तुलना करताना दोन्ही देशांसाठी प्रारूपाचा आकडा घ्या (जपान ४), आणि पाहणीचा आकडा तळटीपेत द्या.

रोजगार: जवळपास बरोबरी?

२०२३च्या पहिल्या तिमाहीत नायजेरियाचा बेरोजगारी दर ४.१ टक्के होता. जपानचा त्या वर्षीचा २.६. नायजेरियाचाच २०२०च्या शेवटच्या तिमाहीतला दर मात्र ३३.३ टक्के होता. मधल्या काळात व्याख्या बदलली. पूर्वी आठवड्याला वीस तासांहून कमी काम असलेला बेरोजगार धरत. नव्या, आंतरराष्ट्रीय पद्धतीत आठवड्यातून एक तास मोबदल्याचं काम केलेला माणूसही रोजगारात मोजतात. बेकारभत्ता नसलेल्या देशात रिकामं बसणं परवडत नाही. माणूस रस्त्यावर पाण्याच्या पिशव्या विकतो आणि आकडेवारीत ‘कामावर’ होतो. म्हणून इथे बेरोजगारी दर बाजूला ठेवून अनौपचारिक रोजगाराचं प्रमाण द्या. त्याच तिमाहीत ते ९२ टक्क्यांहून अधिक होतं.

वीज, पाणी, शाळा: ‘आहे’ म्हणजे किती?

नायजेरियात सुमारे ६० टक्के लोकांपर्यंत वीज पोहोचली आहे, जपानमध्ये सगळ्यांपर्यंत. पण जोडणी असणं आणि वीज असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे भारनियमन सोसलेल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे वीजदरांचे पट्टेच तासांवर ठरतात: ‘ए’ पट्ट्याला दिवसाला किमान २० तास, मग १६, १२, ८ आणि ‘ई’ला फक्त ४ तास. म्हणून जोडणीसोबत दरडोई वार्षिक वापर द्या: नायजेरिया दीडशे युनिटच्या आसपास, जपान सात हजारांवर. दीडशे युनिट म्हणजे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराचा महिन्या-दीड महिन्याचा वापर. घरोघरच्या जनरेटरची वीज मात्र या आकड्यात नीट धरली जात नाही, तेवढी टीप जोडा.

पाण्याच्या बाबतीत ‘मूलभूत’ आणि ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ या दोन पायऱ्या आहेत. सुधारित स्रोतापर्यंत जाऊन, रांग धरून, अर्ध्या तासात परत येता आलं की पाणी ‘मूलभूत’ ठरतं. घरात, हवं तेव्हा, दूषित नसलेलं पाणी मिळालं तरच ‘सुरक्षित’. नायजेरियात पहिल्या पायरीवर सुमारे ८० टक्के लोक आहेत, दुसरीवर ३० टक्क्यांहून कमी. दोन्ही देशांसाठी दुसरीच पायरी घ्या.

शाळेची वर्षंही अशीच तपासा. जागतिक बँकेच्या २०२०च्या हिशेबात नायजेरियातल्या मुलाची अपेक्षित १०.२ शालेय वर्षं, प्रत्यक्ष शिकण्याच्या मापाने ५ वर्षांइतकी भरतात. जपानची १३.६ वर्षं ११.७ इतकी.

देशाच्या आत शिरा

राष्ट्रीय सरासरीवर थांबलात तर नायजेरियाचं चित्र चुकेल. २०१८च्या पाहणीत पाच वर्षांखालील बालमृत्यू दर देशासाठी हजारी १३२ होता, पण नैर्ऋत्येकडच्या ओगुन राज्यात ३० आणि वायव्येकडच्या केब्बीत २५२. एकाच देशात आठ पटींहून जास्त अंतर. किमान एका निर्देशकासाठी सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट राज्य द्या.

जपानसाठी हे करायला गेलात तर बालमृत्यूत फारसं काही सापडणार नाही, कारण दर हजारी दोन-तीनवरच आहे. तिथे निर्देशक बदला. २०२३मध्ये जन्म ७.२७ लाख आणि मृत्यू सुमारे १५.७६ लाख. त्याच वर्षीच्या पाहणीत रिकामी घरं ९० लाख, एकूण घरांच्या १३.८ टक्के. एकल पालकांच्या घरांतला सापेक्ष दारिद्र्यदर २०२१मध्ये ४४.५ टक्के. गरीब देशांसाठी घडवलेल्या मोजपट्ट्यांवर जपानला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि हे सगळं दिसेनासं होतं. म्हणून मुख्य तक्त्याखाली प्रत्येक देशासाठी त्याच्या स्वतःच्या दुखण्याच्या तीन ओळी वेगळ्या द्या. त्या ओळी शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची नाही, आणि तसं शीर्षकातच लिहून टाका.